ऋतुमान, मैदान आणि खेळाचे नियम : नीरा डाव्या कालव्याच्या परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

खेळांचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः संस्था, स्पर्धा, विजेते आणि नियमपुस्तिका यांची नोंद घेतो. ज्या जमिनीवर खेळ खेळला जातो ती जमीन आणि तिचे ऋतुमानानुसार पालटणारे रूप मात्र या इतिहासात क्वचितच येते. वास्तविक पाहता हौशी खेळाडू नियम ठरवतो तो प्रथम पायाखालची माती पाहून. ओल असेल तर एक रीत, भेगा पडल्या असतील तर दुसरी आणि शेजारच्या रानात पीक उभे असेल तर तिसरी. अशा तडजोडींना ‘खोटा खेळ’ किंवा ‘गल्लीतला खेळ’ म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात या तडजोडींकडे नियमनिर्मितीच्या इतिहासाचा एक भाग म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी बारामती तालुक्यातील पणदरे परिसराची भौगोलिक पार्श्वभूमी, महाराष्ट्रातील देशी खेळांच्या नियमबद्धतेचा कालखंड आणि तुलनेसाठी गोल्फमधील ‘हिवाळी नियम’ यांचा आधार घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. ऋतुमान व मैदानाची स्थिती यांचा खेळाच्या नियमांवर होणारा परिणाम अभ्यासणे.
२. देशी खेळांच्या नियमबद्धतेत स्थानिक तडजोडींचे काय झाले, हे तपासणे.
३. मातीकडून मॅटकडे झालेल्या स्थित्यंतराचा ग्रामीण खेळाडूच्या दृष्टीने विचार करणे.

गृहीतक :

मैदानाच्या स्थितीनुसार खेळाडूंनी परस्परसंमतीने केलेला बदल हा नियमाचा भंग नसून नियम जिवंत ठेवण्याची रीत आहे.

अभ्यासपद्धती :

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तुलनात्मक विवेचनावर भर दिला आहे.

विषय विवेचन :

अ) परिसर आणि त्याचे क्रीडावर्ष

पणदरे हे बारामती तालुक्यातील गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८० च्या दशकात या कालव्याचे पाणी या अवर्षणप्रवण पट्ट्यात खेळू लागले. पुढे ऊस हे येथील प्रमुख पीक झाले आणि साखर कारखानदारीने परिसराचे अर्थजीवन बदलले. या बदलाचा विचार शेती, सहकार आणि राजकारण या अंगांनी पुष्कळ झाला आहे. परंतु त्याने गावाचे मैदानही बदलले, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

जिरायत शेतीत सुगी संपली की रान मोकळे होते आणि पुढील पेरणीपर्यंत ते मुलांचे मैदान असते. उसाचे रान मात्र वर्षभर, प्रसंगी त्याहून अधिक काळ, पिकाखाली राहते. त्यामुळे बागायत पट्ट्यात खेळायची जागा आक्रसते. शाळेचे पटांगण, देवळापुढची मोकळी जागा, कालव्याकडेची पट्टी, गायरान आणि तोडणी झालेले एखादे रान एवढ्यावरच भागवावे लागते.

त्यात काळ्या जमिनीचा स्वभाव वेगळा. पावसात ती फुगते, चिकटते आणि पाय धरून ठेवते, तर उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या पर्जन्यछायेच्या प्रदेशात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरच्या सुमारास, परतीच्या वाटेवर असतो. त्यामुळे दिवाळीपर्यंत मैदानाची ओल टिकते. खऱ्या अर्थाने खेळण्याजोगी जमीन मिळते ती हिवाळ्यात. परंतु त्याच काळात रब्बीची ज्वारी व गहू शेतात उभे असतात आणि उसाच्या तोडणीमुळे रस्त्यांवर वाहनांची वर्दळ असते. जमीन अनुकूल असते तेव्हा जागा अपुरी आणि चैत्रानंतर रान मोकळे होते तेव्हा भुई कठीण, असा हा पेच आहे. येथील हौशी खेळाडूंचे सारे ‘कायदे’ या पेचातून जन्मास येतात.

ब) तडजोडींचे स्वरूप

या तडजोडी स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार जागेचा. क्रिकेटमध्ये एका बाजूला ऊस असेल तर त्या बाजूला फटका मारण्यावर बंदी घालणे, चेंडू पिकात गेल्यास फलंदाज बाद ठरवणे किंवा ठराविक धावा देऊन चेंडू मृत मानणे, अशा रीती गावोगाव आढळतात. त्यांचा हेतू केवळ चेंडू वाचवणे एवढाच नसतो. पिकाची नासाडी झाली तर शेतकरी उद्या खेळू देणार नाही, ही जाणीव त्यामागे असते. म्हणजेच खेळाचा नियम येथे खेळाडू आणि शेतमालक यांच्यातील अलिखित करारही ठरतो.

दुसरा प्रकार भूपृष्ठाचा. चिखलात चेंडू उसळत नाही, म्हणून एक टप्पा पडल्यावर झेल घेतला तरी बाद धरणे किंवा तो एका हाताने घेण्याची अट घालणे, अशा सवलती येतात. विटीदांडूत विटी ठेवण्यासाठी खणलेला लहान खड्डा ओल्या मातीत ढासळतो आणि उन्हाळ्यात खणवत नाही. अशा वेळी दोन दगडांवर विटी ठेवून भागवले जाते.

तिसरा प्रकार संख्येचा. सुगीच्या व तोडणीच्या दिवसांत गडी कमी पडतात. तेव्हा एकाच खेळाडूने दोन्ही बाजूंनी खेळणे किंवा चौघाचौघांत हुतूतू मांडणे सर्वांना मान्य असते.

या तिन्ही प्रकारांत एक सूत्र समान आहे. नियम डाव सुरू होण्यापूर्वी जाहीर होतो, दोन्ही बाजूंना सारखा लागू होतो आणि परिस्थिती पालटली की मागे घेतला जातो. ज्याच्या मालकीची बॅट आहे त्याचा शब्द काही वेळा अधिक चालतो, हेही खरे. तथापि उघड अन्याय झाल्यास बाकीचे खेळ सोडून निघून जातात आणि एकट्या बॅटीने डाव होत नाही. संमतीशिवाय नियम टिकत नाही, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी मुलांना मैदान शिकवते.

क) तुलनेसाठी गोल्फचे उदाहरण

आपल्या परिसराला दूरचा वाटणारा गोल्फ या बाबतीत उद्बोधक ठरतो. या खेळाचे ज्ञात असलेले सर्वांत जुने लिखित नियम १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे तयार झाले. ते अवघे १३ होते. समुद्रकाठच्या वालुकामय, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीवर हा खेळ वाढला. उन्हाळ्यात गवत उंच वाढत असे आणि ते कापण्याचे यंत्र नव्हते. म्हणून आरंभी गोल्फ हा प्रामुख्याने हिवाळी खेळ होता. गवत कापण्याचे यंत्र १८३० मध्ये निघाले. पुढे खेळ अंतर्भागातील चिकणमातीच्या प्रदेशात पसरला, तेव्हा मात्र हिवाळा अडचणीचा ठरू लागला. चेंडू चिखलात रुतू लागला.

गोल्फचे मूलतत्त्व असे की चेंडू जेथे पडला असेल तेथूनच तो मारावा. चिखलाच्या दिवसांत या तत्त्वाला मुरड घालण्यात आली. चेंडू उचलून, पुसून, सहा इंचांच्या किंवा काठीच्या एका लांबीच्या आत, छिद्राच्या अधिक जवळ न जाता पुन्हा ठेवण्याची मुभा मिळाली. हाच ‘हिवाळी नियम’. आजच्या अधिकृत नियमावलीत तो सर्वसाधारण नियमांत नाही. मैदानाच्या समितीने जाहीर केला तरच लागू होणारा तो स्थानिक नियम आहे आणि स्थिती सुधारताच तो मागे घेणे अपेक्षित असते. हौशी खेळाडू मात्र आपापसांत तो ठरवून घेतात आणि वसंत आला तरी सोडत नाहीत, अशी थट्टा त्या वर्तुळात चालते.

येथे दोन बाबी लक्षात येतात. एक, चिकणमातीने जे गोल्फला करायला लावले तेच काळ्या मातीने आपल्या खेळांना करायला लावले. दोन, गोल्फने स्थानिक तडजोडीला नियमपुस्तिकेत अधिकृत जागा ठेवली. क्रिकेटच्या कायद्यांतही हरवलेल्या चेंडूसाठी दीर्घकाळ स्वतंत्र कलम होते. २०१७ च्या संहितेत ते मृत चेंडूच्या कलमात समाविष्ट झाले. उसात हरवलेल्या चेंडूचा गावठी कायदा हा त्याच प्रश्नाला दिलेला निराळा जबाब आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईत सापडते. १९४८ पासून खेळली जाणारी कांगा लीग ही ऐन पावसाळ्यातील क्रिकेट स्पर्धा. ओली, उघडी खेळपट्टी आणि वाढलेले गवत जसे असेल तसे स्वीकारून तेथे खेळ होतो. तेथे नियम वाकत नाही, खेळाडूला आपले तंत्र वाकवावे लागते. ऋतूला सामोरे जाण्याचे हे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींत ऋतूचे अस्तित्व मान्य केलेले आहे.

ड) देशी खेळांची नियमबद्धता

संत तुकारामांच्या गाथेत हुतूतू, फुगडी, टिपरी, विटीदांडू अशा खेळांवर रूपके आहेत. त्यावरून हे खेळ सतराव्या शतकात लोकांच्या चांगलेच अंगवळणी पडलेले होते, असे म्हणता येते. त्यांचे नियम मात्र गावागणिक वेगळे असावेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राष्ट्रीय भावनेच्या प्रेरणेने त्यांना एकरूप करण्याचे प्रयत्न झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोच्या नियमांचे काम हाती घेतले. हुतूतूच्या नियमांना १९१८ ते १९२३ या काळात आकार आला आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला.

या कार्याचे महत्त्व निर्विवाद आहे. एकच नियम नसता तर गावाबाहेर सामना झालाच नसता. तसेच या प्रक्रियेत सर्व वैविध्य पुसले गेले असेही नाही. संजीवनी, गामिनी आणि अमर हे कबड्डीचे तीन प्रकार निरनिराळ्या रीतींची स्मृती जपतात. नियमावलीनेही मातीचे भान ठेवले. मैदान सपाट व मऊ असावे, ते माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा यांचे असावे, असे तिने सांगितले. ही सामग्री कोणत्याही गावात मिळणारी होती. मैदान तयार करण्याचे ज्ञान खेळाडूंकडेच होते. पाणी मारणे, ढेकळे फोडणे, रूळ फिरवणे आणि फक्कीने रेषा आखणे हा खेळाचाच पूर्वरंग होता.

इ) मॅटचे आगमन

गेल्या काही दशकांत वरिष्ठ स्पर्धा मॅटवर आल्या आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने हे चित्र घरोघरी पोहोचवले. मॅटमुळे दुखापतींना काही अंशी आळा बसतो, पावसाचा अडसर राहत नाही आणि खेळाला प्रतिष्ठा लाभते. गवत कापण्याच्या यंत्राने गोल्फचे केले तेच मॅटने कबड्डीचे केले. खेळ ऋतूच्या बंधनातून सुटला.

परंतु या सुटकेची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलाचा पाय जमीन चाचपून वळतो. मॅटवर बूट घालून तोच पाय निराळ्या वेगाने थांबतो व वळतो. ज्या शाळा-महाविद्यालयांकडे मॅट नाही, तेथील खेळाडू निवड चाचणीच्या दिवशी प्रथमच त्या पृष्ठभागावर उतरला, तर त्याच्या कौशल्याची नव्हे, सुविधेची परीक्षा होते. नियम दोन्ही संघांना समान असूनही मैदान समान राहत नाही. गावच्या पोरांनी उसाकडेच्या पट्टीवर जी समानता बोलून मिळवली होती, ती येथे कागदावर असूनही हाती लागत नाही. गावोगावच्या जत्रांमधील सामने आजही मातीवर होतात, पण वरच्या पायरीकडे नेणारी वाट आता मॅटवरून जाते.

निष्कर्ष :

१. खेळाचे नियम हे जमीन, हवामान आणि पीकपद्धती यांच्याशी निगडित असतात. बागायतीच्या विस्ताराचा इतिहास हा मैदानांच्या संकोचाचाही इतिहास आहे.
२. हौशी खेळाडूंच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या तडजोडी पूर्वघोषणा, समानता व तात्पुरतेपणा या तीन कसोट्यांवर उतरतात. म्हणून त्यांना नियमभंग म्हणता येत नाही.
३. देशी खेळांच्या नियमबद्धतेने खेळ देशभर नेला आणि मातीचे भानही राखले. मॅटच्या स्वीकारानंतर ते भान क्षीण झाले आहे.
४. गोल्फप्रमाणे स्थानिक नियमांना अधिकृत व मर्यादित स्थान देणे देशी खेळांतही शक्य आहे. किमान निवड चाचणीपूर्वी सर्व खेळाडूंना त्या पृष्ठभागावर पुरेसा सराव मिळणे, हा न्यायाचा भाग मानला जावा.

या स्थानिक नियमांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ते खेळणाऱ्यांच्या तोंडी आहेत आणि त्या पिढीबरोबर जाणार आहेत. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र येऊन आपापल्या परिसरातील मैदाने, त्यांचे ऋतू आणि त्यांवरील अलिखित कायदे यांची विद्यार्थ्यांकरवी नोंद करून घेतल्यास क्रीडा-इतिहासाचे एक अस्सल साधन उपलब्ध होईल. समित्यांचे ठराव जपले गेले आहेत. आता ज्यांनी खेळून नियम घडवले, त्यांची साक्ष नोंदवण्याची वेळ आली आहे.