ढग, धुकं आणि किल्लारीचे ते सेकंद

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात करू तुमच्या हातातल्या फोनपासून.

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात होत आलेले. मी नांदेडला घरीच होतो. मांडणीवरची भांडी वाजली, पंखा हलला. मी नुसता बघत राहिलो, तोवर आजी अंगणात पोचलीसुद्धा! तिथूनच ओरडली, "बाहीर ये की रे, बघत काय बसलास?" भूकंपाचं केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं, तीव्रता ४.५. थोडक्यात निभावलं.

आजीचं माहेर औसा तालुक्यातलं. म्हणजे तिला कुणी काही शिकवायची गरजच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, सगळं अंगावर आलं. सरकारी आकडा ७,९२८ मृत्यूंचा आहे.

आता योगायोग बघा. त्याच १९९३ मध्ये तिकडे मेक्सिकोत लोकांना भूकंपाचा इशारा मिळायला लागला होता. १९८५ च्या भूकंपात त्यांची राजधानी उद्ध्वस्त झाली होती. मग त्यांनी तीनेकशे किलोमीटर दूरच्या समुद्रकिनाऱ्यावर यंत्रं बसवली. गंमत अशी, की धक्का किती मोठा आहे हे किनाऱ्यावरचं यंत्र तिथल्या तिथं ठरवायचं आणि रेडिओवरून फक्त निकाल राजधानीला कळवायचं. यालाच आज आपण 'एज कॉम्प्युटिंग' म्हणतो. एज म्हणजे काठ. माहिती जिथं जन्मते, तिथंच हिशोब. नाव नंतर आलं, काम आधीपासून चालू होतं.

पुढं वारं उलटं फिरलं. २००६ मध्ये ॲमेझॉननं आपले कॉम्प्युटर भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि क्लाउडचं युग आलं. फोटो, मेल, हिशोब, सगळं दूरच्या डेटा सेंटरमध्ये. स्वस्त, सोयीचं. पण कॅमेरे, मीटर, सेन्सर अशी लाखो यंत्रं एकदम बोलायला लागली, की प्रत्येक गोष्ट दूर पाठवून उत्तराची वाट बघणं परवडत नाही. आणि मधली लाइन तुटली की सगळं ठप्प. 'लिंक नाही, उद्या या' हे वाक्य आपल्याकडं कुणी ऐकलं नाही?

२०१२ मध्ये सिस्को कंपनीच्या फ्लाविओ बोनोमी आणि सहकाऱ्यांनी एक मधला मार्ग मांडला. त्याला नाव दिलं 'फॉग कॉम्प्युटिंग'. ढग जमिनीजवळ उतरला की त्याला आपण धुकं म्हणतो ना, तसंच. यंत्र आणि डेटा सेंटर यांच्या मध्ये, जवळपासच कुठंतरी एक कॉम्प्युटर ठेवायचा. तो आसपासच्या अनेक यंत्रांचं ऐकतो, घाईचे निर्णय स्वतः घेतो आणि उरलेलं सावकाश वर पाठवतो. एज म्हणजे गावातला माणूस, फॉग म्हणजे तालुक्याची कचेरी, क्लाउड म्हणजे मंत्रालय. तिघंही लागतात. प्रश्न एवढाच, की कुठला निर्णय कुठं घ्यायचा?

आता परत फोनकडं येऊ. सप्टेंबर २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाचे इशारे सुरू झाले. चार्जिंगला लावून स्थिर ठेवलेला फोन कंप ओळखतो. पण फोन टेबलावरून पडला की जमीन हलली, हे एकट्या फोनला नक्की सांगता येत नाही. म्हणून तो सर्व्हरला कळवतो. सर्व्हर बघतो, एकाच भागातले बरेच फोन एकदम हलले का? मगच इशारा सुटतो. म्हणजे एज आणि क्लाउडची जोडी.

ही जोडी १९९३ ला असती तर? मी वहीवर हिशोब मांडला. भूकंपाची विध्वंसक लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. किल्लारीपासून नांदेड सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे ४० सेकंद. इशारा पोचला असता, जिना उतरता आला असता. लातूर शहर ४० किलोमीटर, म्हणजे अकरा-बारा सेकंद. त्यातले काही ओळखण्यातच जाणार. इथं निर्णय जवळ झाला, तर वाचलेला एकेक सेकंद कामाचा.

आणि किल्लारी? शून्य. भूकंप थेट पायाखाली, फार खोलही नाही. तिथं क्लाउड, फॉग, एज, कुणालाच वेळ मिळत नाही.

हा हिशोब मी आजीला सांगितला. ती म्हणाली, "मंजे भित्तच पक्की पायजे." बरोबर आहे तिचं. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, ती याच धड्यावर. ज्या ठिकाणी निर्णय घ्यायला एक सेकंदही नसतो, तिथं तो घर बांधतानाच घेऊन ठेवावा लागतो.

तर मंडळी, आज दोन कामं करा. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीच्या पर्यायात जाऊन भूकंप इशारा चालू आहे का बघा. आणि घरातल्या जुन्या भिंतीकडंही एक नजर टाका. भेटू पुढच्या भागात!