बालगुन्हेगारीविषयक कायदे, महाराष्ट्रातील

अल्पवयीनांच्या हातून घडलेल्या अपराधांची चौकशी व त्या मुलांचे पुनर्वसन यांसंबंधीचे कायदे. कठोर शिक्षेच्या धाकाने गुन्हे घटतात, ही कल्पना जुनी. मुलाला प्रौढ गुन्हेगारांपासून वेगळे ठेवून मार्गी लावल्यास पुढील गुन्हा टळतो, ही त्यामानाने नवी. या दोन विचारांतील ओढाताण या कायद्यांच्या इतिहासात दिसते.

किरकोळ अपराध करणाऱ्या मुलांना कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्याची सोय १८५० च्या अधिनियमाने केली. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा उभी राहिली. भारतीय दंड संहितेने (१८६०) ७ वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध मानले नाही. भारतीय तुरुंग समितीच्या (१९१९-२०) शिफारशींनंतर १९२४ मध्ये मुंबई बालक अधिनियम व १९२९ मध्ये बोर्स्टल शाळा अधिनियम संमत झाले. २१ वर्षांखालील अपराध्यास शक्यतो कारावास देऊ नये, हे तत्त्व १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाने देशभर मान्य केले.

तरीही अनेक मुले तुरुंगातच राहत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवू नये, असा आदेश दिला. त्याच वर्षीच्या बाल न्याय अधिनियमाने मुलग्यांसाठी १६ व मुलींसाठी १८ वर्षे ही मर्यादा देशभर लागू केली. २००० च्या अधिनियमाने ती सर्वांसाठी १८ केली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर लोकमत पालटले. २०१५ च्या अधिनियमानुसार, किमान ७ वर्षांच्या शिक्षेस पात्र अपराधाचा आरोप असलेल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलावर, प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो. मात्र त्याला देहदंड देता येत नाही.

कायद्याची खरी कसोटी भिवंडीसारख्या ठिकाणी लागते. ठाणे जिल्ह्यातील या यंत्रमागाच्या शहरात परप्रांतीय मजुरांची मोठी वस्ती आहे. ताब्यात घेतलेली मुले चौकशीच्या काळात येथील निरीक्षणगृहात ठेवली जातात. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. अपराध जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सामान्यतः जामीन मिळावा, असा नियम आहे. परंतु पालक दूरच्या प्रांतात असल्यास त्याला हाती सोपवावे असे कोणी नसते आणि किरकोळ चोरीचा आरोप असलेला मुलगाही अडकून पडण्याचा संभव असतो. अशा वेळी घरची परिस्थिती, शाळा, काम व संगत यांविषयी परिवीक्षा अधिकाऱ्याने दिलेला अहवाल निर्णायक ठरतो.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ अपराधांसाठी समाजसेवेची शिक्षा प्रथमच घातली. ७ वर्षांची मर्यादा मात्र कायम ठेवली. १८५० पासूनच्या सुधारणांचा अनुभव असा, की वयोमर्यादा बदलणे विधिमंडळास एका अधिनियमाने साधते. निरीक्षणगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी काम, शिक्षण व विश्वासू माणूस मिळवून देणे हे दीर्घकाळाचे काम असून पुन्हा गुन्हा न घडणे बव्हंशी त्यावर अवलंबून राहते.