जॉन्सटाउनचे दोन आल्बम

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या जुन्या फोटोंचं पुस्तक चाळताना एक चित्र हमखास भेटतं. एक लाकडी घर कुशीवर पडलंय आणि त्याच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक प्रचंड झाड आरपार घुसलंय, दाभणात ओवल्यासारखं. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन गावचं, जॉन शुल्ट्झ यांचं हे घर. पूर आला तेव्हा घरात सहाजण होते आणि सहाही वाचले. हा फोटो अफाट खपला, याचं कारण तेच असावं. भीतीही वाटते आणि रुखरुखही लागत नाही.

पिट्सबर्गच्या बालाजीला आपल्यापैकी बहुतेकजण एकदा तरी जाऊन आलेले असतात. तिथून पूर्वेला दीड-दोन तासांवर हे गाव आहे. ३१ मे १८८९ रोजी, दुपारी चारनंतर थोड्याच मिनिटांनी, चौदा मैल वरून सुटलेलं पाणी या गावात शिरलं. दहा मिनिटांत गाव संपलं. मृतांचा आकडा २,२०९. नव्याण्णव कुटुंबांत मागे एकही माणूस उरलं नाही. गावाबाहेरच्या दगडी रेल्वेपुलाला घरं, डबे, झाडं, जनावरं असा सगळा लगदा येऊन अडला. वाटेतल्या कारखान्यातल्या काटेरी तारेनं तो करकचून बांधला गेला आणि वर त्याला आग लागली. पाण्यातून जीव वाचवून तिथपर्यंत आलेली माणसं त्या आगीत गेली.

मग फोटोग्राफर आले. नायगाराच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला जॉर्ज बार्कर त्यांत होता. त्या काळी रोजच्या वर्तमानपत्रात फोटो जसाच्या तसा छापायची फारशी सोय नव्हती. त्यावरून कोरलेली चित्रं छापत. खरे फोटो विकले जात ते जोडचित्रांच्या कार्डांवर. डोळ्यांना यंत्र लावलं की दृश्य खोल, उठावदार दिसतं. आपल्या लहानपणीच्या व्ह्यूमास्टरचा हा पणजोबाच. देशभरच्या दिवाणखान्यांत लोकांनी जॉन्सटाउनचा ढिगारा असा पाहिला, हळहळले, आणि मदतही भरभरून पाठवली. सदुसष्ट वर्षांच्या क्लारा बार्टन रेडक्रॉस घेऊन आल्या आणि ऑक्टोबरपर्यंत राहिल्या.

पण या सगळ्या फोटोंत मला एक गोष्ट सतत खटकते. त्यांत फक्त परिणाम आहे. पाणी आलं कुठून, हे त्यांतून कळत नाही. आभाळ फाटलं, देवाची मर्जी, एवढंच मनात येतं.

त्यासाठी दुसरा आल्बम बघायला हवा. वरच्या डोंगरात, साउथ फोर्कला, पिट्सबर्गच्या धनिकांचा शिकार आणि मासेमारीचा क्लब होता. कार्नेगी, फ्रिक, मेलन अशी साठेक सभासदांची नावं. एका सभासदाचा मुलगा, लुइस क्लार्क, हौशी फोटोग्राफर होता. त्याच्या फोटोंत शिडाच्या होड्या आहेत, तळ्याकाठचे टुमदार बंगले आहेत, नाटकासाठी नटलेली तरुण मंडळी आहेत. चित्रं सुरेख आहेत, ते कबूल केलंच पाहिजे. फक्त ते तळं म्हणजे मातीच्या एका जुन्या धरणामागचं पाणी होतं, आणि खालचं गाव त्याच्या साडेचारशे फूट खाली.

हे धरण मुळात सरकारनं कालव्यासाठी बांधलं, १८५३ साली पुरं केलं. रेल्वेनं कालवे निकामी केले आणि धरण हातोहात विकलं गेलं. एका मालकानं तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात घातले. म्हणजे तळं उतरवायचा मार्गच बंद. १८७९ च्या सुमारास ते क्लबकडे आलं. वरून घोडागाडी जावी म्हणून माथा खाली आणला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. गावातल्या लोखंड कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये माणूस पाठवून तपासणी करवली, दोष लेखी कळवले, दुरुस्तीच्या खर्चात वाटाही देऊ केला. उत्तर आलं, काळजीचं कारण नाही. (पुणेकरांना १२ जुलै १९६१ चं पानशेत आठवेल. तेही मातीचंच धरण.)

खटले झाले, क्लबकडून कोणालाही एक डॉलर मिळाला नाही. क्लबच्या बाजूनं उभी राहिलेली वकिली फर्म सभासद फिलँडर नॉक्स यांचीच. पुढे ते देशाचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. इंजिनिअरांच्या समितीनं १८९१ मध्ये सांगितलं, माथा खाली आणला नसता तरी धरण वाहून गेलंच असतं. २०१६ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी ते गणित नव्यानं मांडून खोडून काढलं: माथा खाली आणल्यामुळे धरणाची पाणी बाहेर टाकण्याची ताकद बरीच घटली होती. सव्वाशे वर्षांनंतरचा निकाल, वारसांच्या काय कामाचा?

कॅमेऱ्याला जे जमलं नाही ते एका वहीनं केलं. ओळख न पटलेल्या प्रेतांची वर्णनं तेव्हा लिहून ठेवली: अंदाजे वय, केस, कपडे, बोटातली अंगठी. एवढं करूनही ७७७ जण अनामिकच राहिले. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत त्यांचे कोरे पांढरे दगड रांगेत उभे आहेत.

कार्नेगींनी गावाला वाचनालय बांधून दिलं, त्यात आता पुराचं म्युझियम आहे. जाणार असाल तर तिथेच थांबू नका, वर साउथ फोर्कलाही जा. धरणाची दोन टोकं शाबूत आहेत, मध्ये खिंडार. क्लबची इमारत आणि थोडे बंगले सेंट मायकेल गावात अजून उभे आहेत. त्यांचे व्हरांडे तळ्याकडे तोंड करून बांधलेले; समोर आता गवत आहे.