मुलांच्या हाती दिलेले जग

इसवी सन १६५६ मध्ये पोलंड आणि स्वीडन यांच्या युद्धात लेश्नो हे गाव जळाले. त्या आगीत एका चौसष्ट वर्षांच्या पंडिताचे घर गेले, ग्रंथसंग्रह गेला, आणि चाळीसांहून अधिक वर्षे खपून सिद्ध केलेला चेक व लॅटिन भाषांचा कोश छापखाना पाहण्यापूर्वीच भस्मसात झाला. ज्या ग्रंथावर कीर्तीची इमारत उभी राहावयाची तोच असा नाहीसा झाला. आणि पुढे दोनच वर्षांनी न्युरेम्बर्ग येथे मिखाएल एंड्टरने छापलेल्या एका लहानशा बालपुस्तकाने त्याच पंडिताचे नाव युरोपभर घरोघरी नेले.

यान आमोस कोमेन्स्की, लॅटिन वळणाने कोमेनियस, हा १५९२ साली मोराव्हियात जन्मला. बाराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले, आणि लॅटिन शाळेचा उंबरठा त्याने ओलांडला तो सोळाव्या वर्षी. घोकंपट्टी, अर्थ न कळता पाठ केलेले नियम आणि पाठीवर छडी, हे त्याने जाणत्या वयात पाहिले. लहान मूल जे निमूटपणे सोसते ते या थोराड विद्यार्थ्याच्या मनात सलत राहिले. अशा शाळांना त्याने पुढे मनांचे खाटीकखाने म्हटले. मग तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले. साथीच्या रोगात तरुण पत्नी व दोन मुले गेली, आणि १६२८ मध्ये धर्मछळामुळे मायभूमी सुटली ती कायमची.

ज्या पुस्तकाची ही हकीकत, ते त्याने १६५० ते १६५४ या काळात हंगेरीतील शारोशपटक येथे शाळा चालविताना रचले. तेथे चित्रे कोरणारा कुशल कारागीर मिळेना, म्हणून काम न्युरेम्बर्गला गेले आणि १६५८ साली 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस', म्हणजे इंद्रियांना गोचर होणारे जग चित्रांत, हे पुस्तक बाहेर पडले. दीडशे पाठ; प्रत्येकाच्या माथ्यावर लाकडी ठशाचे एक चित्र, खाली लॅटिन व जर्मन मजकूर. चित्रातील वस्तूवर जो आकडा, तोच मजकुरातील शब्दापाशी. मुलाने बोट चित्रावर ठेवावे, आकडा पाहावा आणि शब्द आपण होऊन शोधून काढावा. युक्ती साधी खरी, परंतु तिने शब्दाला वस्तूची सोबत मिळाली, आणि शिक्षक क्षणभर दूर झाला तरी मुलाचे अडेनासे झाले.

अक्षरओळख तर फारच गमतीची आहे. कावळा 'आ' करतो, कोकरू 'बे' करते, वारा 'फ' म्हणत वाहतो, अस्वल 'म' असे गुरगुरते. आपल्याकडील अंकलिपीत गणपतीपाशी 'ग' असतो; येथे प्राण्याच्या कंठातून अक्षरच बाहेर पडते. पुढे आकाश, अग्नी, पाणी, भाकरी भाजणे, मधमाश्या, छापखाना, पुस्तक बांधणारा, सारे क्रमाने येते. आत्मा डोळ्यांना दिसत नाही, तरी त्याचेही चित्र आहे: केवळ ठिपक्यांनी रेखलेली मनुष्याकृती! शाळेच्या पाठात मात्र गुरुजी खुर्चीवर, मुले बाकांवर, आणि गलका करणाऱ्यांसाठी छडी तयार. छडीवर इतके कोरडे ओढणाऱ्यालाही ती चित्रातून काढवली नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

तथापि प्रस्तावनेत त्याने जी सवलत दिली ती त्या काळी धाडसाचीच होती. मूल शाळेत जाण्यापूर्वीच हे पुस्तक त्याच्या हाती द्यावे, त्याने चित्रे मनसोक्त पाहावीत, वाटल्यास ती स्वतः काढूनही पाहावीत. विद्येच्या बागेतील बुजगावणी काढून टाकावीत, असा त्याचा आग्रह होता. पुस्तक फाटेल, मळेल, अशी भीती ज्यांना वाटते त्या वडील मंडळींनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१६५९ साली चार्ल्स हूल नावाच्या लंडनच्या शिक्षकाने त्याचे इंग्रजी रूप काढले; नंतर अनेक भाषांत आवृत्त्या निघत राहिल्या. कोमेनियस १६७० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे परागंदा अवस्थेतच वारला व नार्डेन येथे त्याला पुरले. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी फ्रँकफर्टच्या एका सुखवस्तू घरात एक मूल वाढत होते. थोर झाल्यावर त्याने आत्मचरित्रात लिहिले की, बालपणी या एका पुस्तकावाचून त्या जातीचे दुसरे पुस्तक आम्हा मुलांच्या हाती आलेच नाही. त्या मुलाचे नाव गटे.