खिशात मावणारा कॅमेरा

जमवाजमवीचा नाद लागलेल्या माणसांच्या अनेक जाती आहेत. कोणी नाणी जमवतो, कोणी दौती. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत जन्मभर जमवले आणि त्याचे संग्रहालय झाले. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या 4,425 जुन्या कॅमेऱ्यांची नोंद 2003 साली गिनेस बुकात झाली. एवढे कॅमेरे पुसायचे म्हटले तरी दिवाळीची साफसफाई शिमग्यापर्यंत पुरेल!

मला मात्र या गोतावळ्यातली एकच शाखा मोहवते. कोटाच्या खिशात मावणारे, रिळाचे लहान कॅमेरे. त्यांचा मूळपुरुष एक दमेकरी होता.

ऑस्कर बर्नाक हा जर्मनीतल्या वेट्झलार गावी, लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात 1911 साली कामाला लागला. त्याला फोटोचा छंद आणि डोंगर चढण्याची हौस; पण त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचांची जड चौकट आणि तिकाटणे. दम्याच्या छातीला हे ओझे पेलवेना. मग त्याने चित्रपटाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली. चित्रपटाची चौकट 18 बाय 24 मिलिमीटरची. तशा दोन चौकटी जोडून त्याने 24 बाय 36 ची एक केली आणि 1914 पर्यंत मुठीएवढा धातूचा कॅमेरा तयार केला. चित्र लहान टिपायचे आणि मागाहून मोठे करायचे, ही त्याची युक्ती. रिळात छत्तीसच फोटो का, तर बर्नाकने दोन हात पसरून मोजली तेवढी फिल्म, असे सांगतात. म्हणजे आपल्याकडे विहिरीचा दोर मोजतात तशी वावभर! गोष्ट खरी असो वा नसो, वर्गात सांगितली की मुले लगेच हात पसरून बघतात.

पण कॅमेरा तयार झाला म्हणजे बाजारात आला असे नव्हे. मध्ये महायुद्ध गेले. 1923 साली जर्मनीत चलन असे कोसळले की सकाळच्या पैशात संध्याकाळी पाव मिळेना. 1924 च्या जूनमध्ये मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी जाणत्यांची बैठक बोलावली. हे खेळणे कोण घेणार, असा बहुतेकांचा सूर. लाइट्झ यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि जोखीम पत्करायची असा निर्णय देऊन ते उठले. कारागिरांच्या हातांना काम हवे होते, हेही त्यांच्या मनात होते. 1925 च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत हा कॅमेरा मांडला गेला. लाइट्झचा कॅमेरा म्हणून नाव लायका.

याच लाइट्झ यांनी 1933 नंतर आपल्या ज्यू कामगारांना आणि उमेदवारांना न्यूयॉर्कच्या शाखेत नेमणूक दाखवून देशाबाहेर काढले. त्यांची मुलगी एल्सी हिला एका ज्यू स्त्रीला स्वित्झर्लंडकडे निसटायला मदत केली म्हणून 1943 साली गेस्टापोने तुरुंगात टाकले. त्याच कारखान्यात लष्करी माल तयार होत होता आणि युक्रेनहून सक्तीने आणलेल्या बायकाही राबत होत्या, हे झाकण्यात अर्थ नाही. त्या सालांतला लायका हातात घेतला की मला हे दोन्ही आठवते, आणि मग किंमत विचारायची जरा लाज वाटते.

किंमत तरी केवढी! बाजारात येण्याआधी चाचणीसाठी बनवलेल्या मोजक्या नगांपैकी 105 क्रमांकाचा, खुद्द बर्नाकच्या वापरातला कॅमेरा 2022 साली वेट्झलारच्या लिलावात 1 कोटी 44 लाख युरोंना गेला. घेणाऱ्याने त्यात रीळ घातले असेल असे मला वाटत नाही.

त्यापेक्षा जपानच्या योशिहिसा माइतानीची गोष्ट मला जवळची वाटते. ऑलिम्पस कंपनीत लागलेल्या या तरुणाला सहा हजार येनमध्ये विकता येईल असा कॅमेरा करायचा होता. त्याने पैसा भिंगात घातला, बाकी सारे साधे ठेवले, आणि बर्नाकने जोडलेली चौकट पुन्हा अर्धी केली. 1959 सालचा तो ‘पेन’. एका रिळात बहात्तर फोटो! 1961 च्या ‘पेन ईई’त भिंगाभोवतीची सेलेनियमची पट्टी उजेड मोजते. उजेड कमी पडला तर डोळ्यासमोर लाल झेंडी येते आणि कॅमेरा फोटो काढायला साफ नकार देतो. 

हाइन्झ वास्के या जर्मनाने असाच एक चिमुकला कॅमेरा आखला, तेव्हा त्याच्या मालकाने कॅमेऱ्यांचा धंदाच आवरायला घेतला होता. तो आराखडा घेऊन तो रोलायकडे गेला आणि 1966 साली ‘रोलाय 35’ जगापुढे आला. पुढे त्याचे काम सिंगापूरला गेले. जर्मन नगाला संग्राहक जास्त पैसे मोजतात. चित्रात फरक दाखवा म्हटले तर गप्प बसतात.

मुंबईच्या चोरबाजारात कोणाला असे काही सापडलेच, तर दोन गोष्टी पाहाव्यात. भिंगातून उजेडाकडे बघावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कोकणातल्या पावसाळ्याची देणगी. आणि रोलायचे भिंग आत ढकलण्याआधी फिल्म पुढे सरकवण्याचा खटका ओढून घ्यावा. ते आत जात नसेल तर जोर करू नये.

पाठचे झाकण मात्र घाईने उघडू नये. आधी रीळ गुंडाळायची कळ हलकेच फिरवावी. ती ताठ लागली, तर आत कोणाची तरी फिल्म आहे. कोडॅक्रोम असेल तर तिचे रंग गेलेच, कारण ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, 2010 च्या डिसेंबरअखेर ते काम थांबवून बसली. तरी जाणत्या माणसाकडे दिली तर काळ्यापांढऱ्यात काहीतरी उमटते. एखादे अंगण, एखादी परकरातली मुलगी, उन्हाने डोळे बारीक केलेली.