आरसा आणि सिंह



वृत्तपत्राने निःपक्षपाती असावे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु मराठी वृत्तपत्रांनी धारण केलेली नावेच पाहा. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’. एक आरसा, दुसरा सिंह. बातमीने यांपैकी काय व्हावे?

या संदर्भात मला आपल्या शेजारचे कोल्हापूर प्रकरण आठवते. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालल्याची बोलवा होती. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कोरडे ओढले. दिवाणांची म्हणून हाती आलेली पत्रे त्यांनी खरी मानली. खटल्यात ती बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनीच लिहून ठेवली आहे.

गोष्ट येथे संपत नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे नजरकैदेत असताना, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर तरुण महाराजांचे निधन झाले. पत्रे खोटी होती. महाराजांविषयीची काळजी मात्र अनाठायी नव्हती.

हे प्रकरण मी वर्षानुवर्षे वर्गात बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून शिकवले. बनावट पत्रांचा उल्लेख मात्र एका वाक्यात उरकत असे. आज कबूल केले पाहिजे, की तेव्हा मीही पक्षपातच करीत होतो.

आपण सीमाभागातली माणसे. १ नोव्हेंबर हा दिवस याच गावात कोणाचा राज्योत्सव, तर कोणाचा काळा दिन. २०१४ मध्ये त्याच तारखेपासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ हे नाव आले. बातमीदाराने कोणताही शब्द निवडला, तरी पहिल्याच ओळीत त्याची बाजू उघडी पडते.

म्हणून संपूर्ण तटस्थता मला अशक्य वाटते. पण तेवढ्याने सत्याची जबाबदारी टळत नाही. बाजू असावी, ती लपवू नये. आणि आपल्या बाजूला अनुकूल असा कागद हाती आला, की तोच दोनदा पारखावा. सिंहाने गर्जना जरूर करावी. त्याआधी एकदा आरशात पाहावे, एवढेच.