बिल नको, भाव सांगा : मोबाईलवरचा कर आणि आपली तीस वर्षांची सवय

२०२५ च्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मी बसस्टँडजवळच्या एका मोबाईल दुकानात बसलो होतो. जीएसटीचे नवे दर त्याच दिवशी लागू झाले होते आणि मला गिऱ्हाईक काय म्हणतंय याची बातमी करायची होती. एक काका आले. मार्केट यार्डातून थेट आलेले असावेत, हातात पट्टी होती. म्हणाले, "शेठ, जीएसटी कमी झाला ना? मग बारा हजारवाला आता कितीला पडंल?"

"काका, टीव्ही कमी झाला, एसी कमी झाला. मोबाईलला काही नाही. तो अठराच टक्के."

काका क्षणभर थांबले. "बरं. मग जुना दाखव एखादा."

एवढंच. वाद नाही, सरकारला शिव्या नाहीत. ते "बरं" माझ्या डोक्यातून गेलं नाही म्हणून हे लिहितोय. कांद्याचा भाव पडला की आपण रस्ता अडवतो, डिझेल रुपयाने वाढलं तर पानटपरीवर दिवसभर तोच विषय. पण मोबाईल महागला म्हणून आपल्या तालुक्यात तहसीलदारांना साधं निवेदन दिल्याचंही मला आठवत नाही. आपण बोलत नाही. आपण वाट काढतो. आणि ही सवय आजची नाही, मोबाईल आला तेव्हापासूनची आहे.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला होता. तेव्हा मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. म्हणजे कुणी तुम्हाला फोन केला तरी खिसा तुमचा. लोकांनी यावर काय केलं? स्क्रीनवर नंबर बघायचा, फोन कट करायचा आणि एसटीडी-पीसीओवर जाऊन एक रुपयाचं नाणं टाकून बोलायचं. मिस्ड कॉल ही आपली खरी देशी शोधाची गोष्ट. एक रिंग म्हणजे "निघालो", दोन म्हणजे "पोचलो". २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं, तरी ही भाषा पुढे कितीतरी वर्षं चालली.

हँडसेटचं तसंच. २००० च्या आसपास आयात शुल्क आणि बाकीचे कर मिळून अधिकृत दुकानातला फोन इतका महाग पडायचा की माणसं मुंबईला मनीष मार्केट, मुसाफिरखाना गाठायची. ज्याचा भाऊ नाहीतर मेहुणा आखातात, त्याची तर चैनच. कोकणातल्या कितीतरी घरांत पहिला फोन दुबईहून बॅगेतून आला, साबण, सेंट आणि खजुराबरोबर. दुकानातला संवाद ठरलेला : "बिल नको, भाव सांगा." बिलाचा एक भाव, विदाऊट बिलचा दुसरा. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. चोरीचा माल पण त्याच वाटेने यायचा, हेही खरंच आहे. सरकारला ना धड कर मिळत होता, ना गिऱ्हाइकाला हक्क. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं मूळ सीमा शुल्क शून्यावर आणण्याचा जागतिक करार भारताने १९९७ ला मान्य केला होता. पुढे कर उतरत गेले, २००६ ला नोकियाचा कारखाना श्रीपेरुंबुदूरला सुरू झाला आणि विदाऊट बिलची मजा हळूहळू संपली. टॉर्चवाला नोकिया ११०० शेतावर रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात दिसायचा.

मधल्या काळातले मोठ्या आवाजाचे, दोन सिमचे चायना मोबाईल आठवत असतील. त्यांना आयएमईआय नंबरच नसायचा. १ डिसेंबर २००९ पासून असे फोन बंद करायचा आदेश आला, तेव्हा माणसांनी फोन टाकून दिले नाहीत, नंबर भरून घेतले! असो.

आता खरा मुद्दा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच दिवशी आयात मोबाईलवर १० टक्के सीमा शुल्क लागलं. डिसेंबरात ते १५ झालं, १ फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमध्ये २०. हेतू असा की कंपन्यांनी इथे कारखाने काढावेत, आणि ते निघालेही. नोएडा, चेन्नई, बंगळूर. (महाराष्ट्राचं नाव या यादीत ठळक का नाही, हा वेगळा लेख होईल.) डिसेंबर २०१७ ला ॲपलने किमती वाढवल्या, पण बंगळूरला जोडला जाणारा आयफोन एसई मात्र तसाच ठेवला. शुल्क कसं चालतं ते यावरून कळतं. युरोपियन युनियन, जपान, तैवान याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २०२३ ला निकाल भारताच्या विरोधात लागला. आपल्या बाजारात त्याचा पत्ताही कुणाला लागला नाही.

श्रीमंतांनी याही वेळी जुनीच वाट धरली. परदेशातून येणाऱ्याला सांगायचं, "खोका फेकून दे, सिम टाकून आण." गरिबाला ती वाट नव्हती, पण त्याला ती लागतही नव्हती, कारण त्याचा आठ-दहा हजारांचा फोन इथेच जोडला जात होता. त्याला जो कर बसतो तो जीएसटी.

आणि तो वाढला कधी? १४ मार्च २०२० ला कौन्सिलने मोबाईलचा जीएसटी १२ वरून १८ टक्के केला, १ एप्रिलपासून. मधल्या पंधरवड्यात देश बंद झाला. दुकानं बंद, माणसं घरात, आणि जूनमध्ये शाळा मोबाईलवर आली.

त्या पावसाळ्यात मी एका निंदणीला जाणाऱ्या बाईंच्या मुलावर बातमी केली होती. पोराला झाडाखाली रेंज यायची, तिथे बसून तो दहावीचा अभ्यास करायचा. आईने कानातले मोडून फोन घेतला होता. "जिद्दीला सलाम" असं शीर्षक मीच दिलं होतं. वाचकांनी खूप कौतुक केलं. ते कात्रण काढताना त्या फोनच्या बिलाचा फोटो परवा सापडला. ८,८५० रुपये, त्यात कर १,३५०. जुन्या दराने तो ९०० झाला असता. साडेचारशे रुपये जास्त. आमच्याकडे तेव्हा निंदणीचा रोज सव्वादोनशेच्या आसपास होता, म्हणजे बाईंचे दोन दिवस. बिल माझ्या हातात होतं, फोटोही मीच काढला, आणि मी जिद्दीवर लिहिलं. त्या बाई काही बोलल्या नव्हत्या, पण विचारायचं काम माझं होतं.

२३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सीमा शुल्क २० वरून १५ वर आलं. "मोबाईल स्वस्त" अशी हेडलाईन सगळ्यांनी चालवली, मीही. ॲपलने प्रो मॉडेल पाच-सहा हजारांनी उतरवले. इथे बनणारे १३, १४, १५ किती उतरले? ३०० रुपये. साध्या गिऱ्हाइकाच्या फोनला तर उतरायला काही कारणच नव्हतं.

मग २०२५ ला अमेरिकेची पाळी आली. २ एप्रिलला ट्रम्प यांनी टॅरिफ जाहीर केलं आणि पुढच्या शनिवार-रविवारी तिथल्या ॲपलच्या दुकानांत महाग व्हायच्या आत फोन घ्यायला गर्दी झाली. कंपनीने चेन्नईहून विमानं भरून आयफोन पाठवल्याच्या बातम्या आल्या. ११ एप्रिलला स्मार्टफोनला सूट मिळाली. ऑगस्टच्या २७ तारखेला भारतीय मालावर ५० टक्के लागलं तेव्हाही फोन त्यातून बाहेरच राहिले. सुरतचे हिरे आणि तिरुपूरचे कपडे नाही राहिले. माझ्या एका वर्गमित्राने न्यू जर्सीहून मेसेज केला, "तिकडे कितीला आहे रे?" वीस वर्षं आपण त्याला हेच विचारत होतो.

पण तिथली ती घाई बघून फोनच्या भावावर सरकारला बोलावं लागलं. इथे उत्पादकांची संघटना जीएसटी कमी करा म्हणून मागणी करते, गिऱ्हाईक गप्प. कारण हप्ता. कर हप्त्यात मुरला की दिसत नाही.

काकांनी शेवटी एक जुना फोन पसंत केला, साडेपाच हजाराला. कडेला काच जराशी तडकलेली. दुकानदार पावती पुस्तक काढायला लागला तसे काका म्हणाले, "ते राहू दे, शंभर कमी कर."

शंभर कमी झाले. मी तेवढ्यात पुढे होऊन म्हटलं, काका, पावती घ्या, उद्या फोन चोरीचा निघाला तर पोलीस आधी तुम्हालाच विचारतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दुकानदाराकडे. "लिही मग," म्हणाले, "पण शंभर कमीच."